पडेल सिनेमाचे दर्दी व्हा!

ठाण्यात संगीताचा दर्दी म्हणून नाव काढायचं, तर आता नुसता पंचमचा, म्हणजे राहुलदेव बर्मनचा, भक्त असून भागत नाही. राम मारुती रोडवर चहाच्या टपरीपाशी उभे राहा आणि जरा मोठ्याने 'पंचम' म्हणा. चार जण वळून बघतील आणि त्यातला एक तरी जवळ येईल. कोणत्या गाण्यात कंगवा घासलाय आणि कोणत्या गाण्यात ग्लासवर चमचा वाजवलाय, हे त्याचं सांगून होईपर्यंत तुमच्या चहावर साय धरलेली असेल. शास्त्रीय संगीताकडे वळावं, तर दिवाळी पहाटेच्या पहिल्या रांगा धरून बसलेली मंडळी तुम्हाला तिसऱ्या रांगेतसुद्धा येऊ देणार नाहीत.

तेव्हा माझं ऐका. गावात जागा एकच रिकामी आहे, ती म्हणजे आपत्तिपटाचं संगीत. त्यातही गाजलेल्या नव्हे, आपटलेल्या आपत्तिपटाचं. असा सिनेमा बहुतेकांनी पाहिलेला नसतो आणि ज्यांनी पाहिलाय ते कबूल करत नाहीत, त्यामुळे वाद घालायला कोणी येत नाही. संगीत खरोखरच चांगलं असतं, हा आणखी एक फायदा. पण तो चारचौघांत बोलून दाखवू नका. 'मला आवडतं म्हणून ऐकतो' असं म्हणणारा माणूस दर्दी नसतो, साधा श्रोता असतो.

सुरुवात 'द स्वार्म'पासून करा. साल १९७८. इकडे तलावपाळीला गडकरी रंगायतन उभं राहिलं, त्याच वर्षी तिकडे आयर्विन ॲलन नावाच्या निर्मात्याने टेक्सासवर आफ्रिकन मधमाश्या सोडल्या. त्याआधी उलटलेलं जहाज आणि पेटलेला टॉवर दाखवून या गृहस्थाने बक्कळ पैसा केला होता. दोन्हींचं संगीत जॉन विल्यम्सचं. या खेपेला दिग्दर्शनही त्याने स्वतःच्याच हाती घेतलं (निर्मात्याला असं वाटायला लागलं की समजावं, पुढचं कठीण आहे) आणि संगीत दिलं जेरी गोल्डस्मिथकडे. नटमंडळी मायकल केन, हेन्री फोंडा, रिचर्ड विडमार्क, ऑलिव्हिया द हॅविलँड. नावं वाचली की वाटतं, ऑस्करचा समारंभच आहे. सिनेमा बघितला की वाटतं, समारंभ आटोपून मंडळी रिक्षाच्या रांगेत उभी आहेत.

कथा काय, विचारू नका. माश्या आगगाडी रुळावरून घालवतात, अणुऊर्जा केंद्र उडवतात आणि ह्यूस्टन शहरात शिरतात. मग त्यांना हुसकायला सैन्य आगीचे फवारे घेऊन निघतं आणि माश्यांनी जे शिल्लक ठेवलेलं असतं तेही पेटवून देतं. हे सगळं उरकल्यावर पडद्यावर पाटी येते की, इथे दाखवलेल्या आफ्रिकन खुनी माशीचा कष्टाळू अमेरिकन मधमाशीशी काडीचाही संबंध नाही, आपल्या पिकांवर तिचे उपकार आहेत. आपल्याकडे 'सर्व पात्रे काल्पनिक आहेत' एवढ्यावर भागतं. इथे मात्र माश्यांच्याही भावना दुखावू नयेत याची काळजी घेतलेली आहे. प्रेक्षकांची तेवढी राहून गेली.

आता गोल्डस्मिथची अवस्था डोळ्यांपुढे आणा. समोर पडद्यावर नामवंत मंडळी हवेत हात उडवत पळतायत आणि याला सांगितलंय की, लोकांना घाम फुटला पाहिजे. दुसरा कोणी असता तर चार ढोल बडवून बिल लावलं असतं. हा मात्र व्हायोलिनं, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन असा सगळा फौजफाटा कामाला लावतो आणि वाद्यांच्याच पोटातून गुणगुणाट काढतो. डोळे मिटून ऐकलंत तर मानेवर काहीतरी चालल्यासारखं वाटतं. उघडलेत तर हसू येतं. सबंध युनिटमध्ये माश्या खरंच आल्यात असं मानणारा हा एकटाच. माझ्या मते गुपित इथेच आहे. चांगल्या सिनेमात संगीतकाराला सांगतात, 'इथे जरा गप्प राहा.' पडेल सिनेमात सांगतात, 'इथे काहीतरी भरा हो!' भीती भरा, प्रेम भरा, पटकथेला पडलेलं भोकसुद्धा भरा. आणि भरायला सांगितल्यावर गोल्डस्मिथसारखा माणूस हात राखून भरत नाही.

त्या सिनेमाला ऑस्करचं नामांकनही मिळालं. वेशभूषेसाठी. माश्या चावत असताना लोकांच्या अंगात काय होतं याची दखल घेतली गेली, कानात काय होतं याची नाही. गोल्डस्मिथला त्या वर्षी संगीताचं नामांकन होतं, पण भलत्याच सिनेमासाठी. जन्मभरात नामांकनं १८ आणि पुतळा एकच, १९७६च्या 'द ओमेन'चा. हा आकडा पाठ करून ठेवा. गप्पांत कुठेही अडलात की 'अठरातलं एक' एवढंच पुटपुटायचं आणि मान हलवायची. समोरचा आपोआप गंभीर होतो.

सिनेमाचा शेवट तर हुकमाचा एक्का, तो जपून वापरा. विष हरलं, आग हरली, लष्कर हरलं. मग माश्या मरतात कशाने? नायकाच्या लक्षात येतं की, धोक्याच्या भोंग्याचा आवाज माश्यांना त्यांच्या मिलनाच्या हाकेसारखा वाटतोय. मग तोच आवाज समुद्रावर वाजवून थवा तिकडे ओढतात आणि पाण्यावर पसरलेल्या तेलाला काडी लावतात. म्हणजे पटकथेनेच लेखी मान्य केलंय की, या सिनेमात उपयोगी पडणारी गोष्ट एकच आहे, साउंडट्रॅक!

सिनेमा मात्र बघू नका. थिएटरमध्ये लागला तेव्हा तो ११६ मिनिटांचा होता, तो सोसवला नाही म्हणून की काय, पुढे १५६ मिनिटांची आवृत्ती निघाली. तेवढा वेळ संगीतालाच द्या. घरात मिळत नसेल तर गाडी काढा आणि कापूरबावडीहून गायमुखाकडे निघा. पुढे एखादा ट्रक बंद पडलेला असतोच.

प्रात्यक्षिकाची सोयही घोडबंदर रोडकरांना घरपोच आहे. पाठीशी येऊरचं जंगल, पुढ्यात तीस-तीस मजल्यांचे टॉवर. आग्या माशीला कड्याची कपार काय आणि तुमच्या बाथरूमच्या खिडकीवरचा छज्जा काय, दोन्ही सारखेच. मोहोळ धरलं की काच घट्ट लावून जवळून बघा. हातभर रुंदीचा काळसर अर्धगोल, वरून अगदी निपचित. एखादी गांधीलमाशी जवळून गेली की त्याच्यावरून एक लहर सर्रकन सरकते. शेकडो पोटं एकामागोमाग वर उचलली जातात आणि पुन्हा खाली येतात. पुन्हा निपचित. त्या क्षणी इयरफोनमध्ये गोल्डस्मिथ असला पाहिजे. लाखो डॉलर ओतून आयर्विन ॲलनला जे जमलं नाही, ते तुमच्या डक्टमध्ये फुकटात चाललेलं असतं.

एवढ्यात सेक्रेटरींचा मेसेज येईल, 'बी विंग, खिडक्या बंद ठेवाव्यात. पेस्ट कंट्रोलवाला संध्याकाळी येत आहे.' खाली अंगठ्यांची रांग, मधूनच एक 'शुभ सकाळ'वालं गुलाबाचं फूल आणि एक चौकशी, की पाहुण्यांच्या पार्किंगचं काय झालं. तुम्ही फक्त लिहा, 'काळजी नसावी, या आफ्रिकन नाहीत.' कोणालाही काहीही कळणार नाही. दर्द्याला आणखी काय हवं असतं? संध्याकाळी धूर सुरू झाला की वॉचमन खालून ओरडेल, 'मध तेवढा ठेवा हो!' सगळ्या सोसायटीत व्यवहार तेवढा त्यालाच कळतो.

आता देशी शाखेकडे या. ती लागतेच, कारण घरात काका असतात. 'अरे, सारखी ती भणभण काय ऐकतोस?' असं त्यांनी विचारलं की वाद घालू नका, 'द बर्निंग ट्रेन' लावा. १९८०चा सिनेमा. बी. आर. चोप्रांची निर्मिती, रवी चोप्रांचं दिग्दर्शन. धर्मेंद्र, जितेंद्र, विनोद खन्ना, हेमा मालिनी, परवीन बाबी, नीतू सिंग अशी नावं की श्रेयनामावली म्हणजे रिझर्व्हेशन चार्टच. दिल्लीहून मुंबईला निघालेली सुपर एक्सप्रेस पहिल्याच फेरीत पेटते, ब्रेक आधीच डॅनीने निकामी केलेले. आग भरपूर लागली, तिकीटबारीवर मात्र तेवढी धग पोचली नाही. मागे राहिलं ते राहुलदेव बर्मनचं संगीत, साहिरचे शब्द आणि डब्यात बसून रफी-आशाने रंगवलेली कव्वाली, 'पल दो पल का साथ हमारा'. त्याच वर्षी जुलैत रफी गेले आणि ऑक्टोबरात साहिर. एवढं सांगितलंत की थोडं गप्प बसा. इथे दर्दीपणाचा अभिनय करावा लागत नाही.

काका मात्र गप्प बसणार नाहीत. 'गाणी झकास होती रे, पण चालत्या गाडीत कव्वाली? काहीतरीच!' हे ऐकून तुम्हाला धक्का बसला पाहिजे. कारण सबंध सिनेमात कुठलाही ठाणेकर शपथेवर खरा म्हणेल असा प्रसंग हा एकच आहे. सकाळी कल्याणकडून येणाऱ्या जलद लोकलमध्ये ठाण्याला शिरून बघा, म्हणजे शिरता आलं तर. दारात माणसं एका पायावर, आणि आत भजनी मंडळ ऐन रंगात. ढोलकी गुडघ्यांत दाबलेली, टाळ डोक्यांच्या वर, कारण खाली हात हलवायला जागा नाही. बुवांचा एक हात कडीला, दुसरा कानाला. घाटकोपरला लोंढा उतरतो, चढतो, कोणाची तरी चप्पल फलाटावर राहते, पण ठेका सुटत नाही. 'आगे चलो, आगे चलो' हेसुद्धा समेवर येतं. या गाडीचे ब्रेक गेले तर मंडळींना ते अभंग संपल्यावरच कळेल.

आणि आगगाडीचं ठाणेकराला कोणी शिकवायचं? १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून सुटलेली देशातली पहिली प्रवासी गाडी ३४ किलोमीटर धावून आली ती आपल्याकडेच. सुखरूप पोचली. पेटली असती तर तिच्यावरही सिनेमा आला असता.

याच सिनेमात आगीत अडकलेली मुलं 'तेरी है ज़मीं, तेरा आसमाँ' ही प्रार्थना म्हणतात. आवाज सुषमा श्रेष्ठ आणि पद्मिनी कोल्हापुरे यांचे. कित्येक शाळांतून ती म्हटली गेली. गणवेशातली मुलं हात जोडून, डोळे मिटून, दुसरी ओळ विसरत ती म्हणतात. जळत्या डब्याचा त्यांना पत्ताही नसतो. सिनेमातून सुटून आलेलं संगीत बघायचं, तर ते असं.

'अर्थक्वेक'वर फार वेळ घालवू नका. १९७४चा सिनेमा, संगीत पुन्हा जॉन विल्यम्सचंच, पण लोकांच्या लक्षात राहिलं ते सेन्सराउंड, म्हणजे थिएटरात अगडबंब स्पीकर लावून अतिखर्जाच्या आवाजाने खुर्च्या हलवण्याची युक्ती. ध्वनीचं ऑस्करही मिळालं त्याला. हा अनुभव हवा असेल तर दहीहंडीच्या दिवशी घरी बसा. आधी खिडकीची काच, मग कपाट, मग बरगड्या. ठाण्यात याचं तिकीट लागत नाही, आणि सुटकाही नाही.

एवढी तयारी झाली की हिंदी गाण्यांच्या वाद्यवृंदाला गडकरीला जा. मध्यंतरात फर्माईशीची चिठ्ठी द्या, ठळक अक्षरात, 'द स्वार्म, जेरी गोल्डस्मिथ'. निवेदक ती दिव्याखाली धरेल, उलटी करून बघेल आणि विचारेल, 'स्वामी समर्थांचं हवंय का? भक्तिगीतं आजच्या कार्यक्रमात नाहीत.' सभागृह हसेल. तुम्ही हसू नका. नुसतं 'अठरातलं एक' म्हणा आणि बसा.

मग वेळ मारून न्यायला तो वादकांना खूण करेल आणि ते 'पल दो पल' सुरू करतील. ढोलक लागेल, पुढच्या रांगेतल्या आजी पदर खोचून टाळ्या धरतील, बाल्कनीतून शिट्टी येईल. तुमचेही हात वर जातील. जाऊ द्यात. शेजारच्याने बघितलंच तर सांगा, मात्रा मोजतोय.