पित्त उठले कशाने?

इंदूरच्या मराठी घरात दुखण्याचे कारण दुखण्याच्या आधीच ठरलेले असते. दुखणे केवळ त्याला दुजोरा द्यायला येते. पोट बिघडले की सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत खाल्लेला गराडू, म्हणजे तळलेला कंद, घसा बसला की थंडगार शिकंजी, आणि या दोघांपैकी कोणीच सापडले नाही तर सूनबाईंनी मुलीला मोबाइल दाखवत भरवणे. त्यामुळे बोरनहाणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दोन वर्षांच्या कन्येच्या पोटावर आणि मांड्यांवर लालबुंद गांधी उठल्या, तेव्हा घरातल्या प्रत्येकाजवळ निकाल तयार होता आणि पुरावे तेवढे गोळा करायचे राहिले होते.

अडचण एवढीच होती की पुरावे फार होते. एका लहान जिवावर एका तासात इतके संशयित ओतण्याची सोय आपल्याकडे बोरनहाणाखेरीज दुसऱ्या कोणत्याही समारंभात नसावी. अंगात कोरे काळे झबले, गळ्यात आणि हातांत हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे तुकडे, शेंगा आणि चॉकलेटे. मग सतरंजीवर पडलेले हे सारे वेचून तोंडात कोंबणारी लोकमान्यनगरातली यच्चयावत मुले, आणि त्या लुटीत स्वतःच्याच हलव्याचा हार कुरतडत सामील झालेली उत्सवमूर्ती. शिवाय तिळाचे लाडू होतेच.

आईचा संशय झबल्यावर होता, कारण ते सौभाग्यवतींनी राजवाड्याजवळच्या दुकानातून आणून न धुता घातले होते. सौभाग्यवतींनी लाडवांचे नाव घेतले नाही. त्या फक्त एवढेच म्हणाल्या की तीळ आणि शेंगदाणे यांची ॲलर्जी जगभर आढळते. लाडू आईंनी केले होते हे सर्वांना ठाऊक असल्याने तो उल्लेख त्यांनी टाळला. बाबांनी कपडे धुण्याच्या नव्या पावडरीला धरले, जिच्या किमतीवर ते आधीपासूनच नाराज होते. पुण्याहून आत्याचा फोन आला आणि तिने सारा दोष जीरावनावर, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आमच्या इंदुरी मसाल्यावर, टाकला. पोह्यांवर शेव आणि जीरावन पडलेले पुण्याच्या माणसाला पाहवत नाही हे मी समजू शकतो, पण मुलगी अजून जीरावन खात नाही, हे सांगूनही आत्याने आरोप मागे घेतला नाही. ‘ॲलर्जी’ ही कल्पना व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली मांडली. आमच्या घराण्यातली संशयाची परंपरा तिच्याहून जुनी असावी.

कामाला येणाऱ्या मावशींनी मुलीकडे एकदाच पाहून निदान केले, “भैया, पित्ती उछली है. धूल से होता है. काला कंबल ओढ़ा दो.” कांबळ्याचा उपाय बाबांनी निमूटपणे ऐकून घेतला, परंतु धूळ हा शब्द त्यांना झोंबला. २०१७ पासून सलग सात वर्षे स्वच्छतेच्या सर्वेक्षणात देशात पहिल्या आलेल्या शहरात, जिथे कचऱ्याची गाडी गाणे वाजवत दारात येते, तिथे धूळ शिल्लक आहेच कुठे, असे त्यांनी मावशींना शुद्ध हिंदीत विचारले. मावशी काही बोलल्या नाहीत. त्यांनी नुसते कपाटावरून बोट फिरवले आणि ते पदराला पुसले.

उपचारही तपासाइतक्याच जोमाने सुरू झाले होते. आईने कोकणातून आलेली आमसुले भिजत घातली आणि त्या पाण्याने नातीला नखशिखांत माखले. अंगाला तपकिरी-जांभळट छटा आल्यामुळे गांधी दिसेनाशा झाल्या, आणि आईने गुण आल्याचे जाहीर केले. त्यावर मावशींचे कांबळे पांघरताच मुलगी घामाघूम होऊन किंचाळू लागली आणि जिथे गांधी नव्हत्या तिथेही त्या उगवल्या. तेवढ्यापुरते पाच मिनिटे घरातले सारे पक्ष कांबळ्याच्या विरोधात एक झाले.

खरा तपास म्हणावा असे काम फक्त सौभाग्यवतींनी केले. त्यांनी बॉलपेनने एका गांधीभोवती रिंगण काढले आणि शेजारी वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तो रिंगण रिकामे आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर नवीन गांधी हजर. म्हणजे आरोपी रात्रीतून जागा बदलत होता, आणि तेही मुलीने संध्याकाळच्या वरणभातानंतर तोंडात काहीही घातलेले नसताना. हे निरीक्षण फार मोलाचे होते, पण कन्येला रिंगणांची गोडी लागली. दुपारी पेन हाती लागताच तिने स्वतःच्या दोन्ही पायांवर, आजोबांच्या धोतरावर आणि सोफ्यावर इतकी रिंगणे काढली की पुढची नोंद ठेवणे अशक्य झाले.

अखेर बालरोगतज्ज्ञांकडे जायचे ठरले आणि सारे घर गाडीत बसले, कारण आपल्या पश्चात दुसऱ्याची साक्ष डॉक्टरांपुढे जावी हे कोणालाच मान्य नव्हते. डॉक्टरांनी सर्वांचे ऐकले, पायांवरची रिंगणे पाहिली आणि सौभाग्यवतींचे कौतुक केले. एकेक गांध चोवीस तासांच्या आत मावळावी आणि दुसरीकडे नवी उठावी, हेच या पित्ताचे लक्षण असते, असे ते म्हणाले. त्वचेतल्या मास्ट नावाच्या पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात, त्याने बारीक रक्तवाहिन्या पाझरतात आणि कातडी फुगून खाजते. अन्नाने असे झाले असते तर बहुधा खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत दिसले असते, आणि तो पदार्थ पुन्हा खाल्ल्यावर पुन्हा झाले असते. लाडू तर ती समारंभानंतरही रोज खात होती. मग रक्ताच्या तपासणीची मोठी यादी करून घ्यावी का, असे मी विचारले. कारण नसताना केलेल्या त्या तपासणीत निरुपद्रवी पदार्थही दोषी दिसतात आणि मुलाचे दूध-पोळी उगाच बंद होते, असे सांगून त्यांनी तो विषय संपवला. त्यांनी हिस्टामिनला अडवणारे औषध वजनाप्रमाणे मोजून लिहून दिले. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास घेताना त्रास झाला, वारंवार उलट्या झाल्या किंवा मूल मलूल पडले तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे, हे मात्र त्यांनी आवाज चढवून दोनदा बजावले. पित्त सहा आठवड्यांहून जास्त टिकले तरच पुढचा शोध, असेही ते म्हणाले.

“मग कारण काय?” बाबांनी विचारले.

“गेल्या आठवड्यात सर्दी झाली होती का हिला?” डॉक्टरांनी उलट विचारले. झाली होती, बोरनहाणाच्या आधी नाक वाहत होते आणि समारंभाच्या गडबडीत ते थांबलेही होते. लहान मुलांत अचानक उठणाऱ्या पित्ताचे सर्वांत सामान्य कारण असा साधा विषाणू असतो, आणि सर्दी ओसरल्यावरही तो हा उद्योग करून जातो, एवढे सांगून त्यांनी पुढच्या रुग्णाला बोलावले.

परतताना गाडीत कोणीही बोलले नाही. झबले, लाडू, पावडर आणि जीरावन हे सारे एकाच वेळी निर्दोष सुटल्याचे दुःख मोठे होते. घरी पोहोचून चहा झाल्यावर सौभाग्यवतींनी अत्यंत आदराने विचारले, “बाबा, तिच्या आधी घरात सर्दी कोणाला झाली होती?” त्या आधीच्या आठवड्यात बाबा सलग शिंकत होते आणि नात त्यांच्याच मांडीवर बसून त्यांच्याच पेल्यातून पाणी पीत होती, हे सर्वांनी पाहिले होते.

“ती सर्दी नव्हतीच,” बाबा ताठ बसत म्हणाले. “मला धुळीचा त्रास होतो.”

मावशी तेव्हा कपाटावरून ओले फडके फिरवत होत्या. मागे वळून न पाहताच त्या म्हणाल्या, “मैं तो पहले दिन से बोल रही थी.”