पांघरुणं मिरचीवर, माणसं उघड्यावर

समुद्रसपाटीपासून खूप उंचावर, कोरड्या हवेत बाग करणाऱ्याला एकाच दिवसात दोन ऋतू सांभाळावे लागतात. टोमॅटो दुपारी उन्हाने माना टाकतो आणि रात्री गारठ्याने. हवा विरळ, आकाश निरभ्र. सूर्य बुडाला की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंशांनी उतरतं, हे वाचताना काही वाटत नाही. मध्यरात्री वांग्याला चादर पांघरायला गेलं की त्यातला दशांशही हाडांपर्यंत पोचतो.

"अहो, माझी दुलई कुठंय?"

"ढोबळी मिरचीवर."

यावर संभाषण संपतं. घरातली शांतता मात्र संपत नाही.

एवढं करूनही टोमॅटोचा रुसवा राहतोच. रात्री पारा १३ अंशांखाली गेला की फळ धरत नाही, फूल गळतं. झाड हिरवंगार, पाहुणे म्हणतात, "काय तजेलदार आहे हो!" तजेला खाता येत नाही.

जर्दाळूची तऱ्हाच वेगळी. हिवाळा सरता सरता चार दिवस ऊब आली की हा फुलून मोकळा. मग एका रात्री पारा उणे दोनच्या खाली जातो आणि सकाळी सगळी फुलं काळी. दरवर्षी हेच. अनुभवाने शहाणं होण्याची सोय जर्दाळूत नसावी.

पाण्याचं विचारू नका. घातलेल्यातलं बरंचसं वारा आणि ऊन परस्पर पिऊन टाकतात. म्हणून ठिबक केलं, वर पेंढ्याचं आच्छादन घातलं. वाऱ्याने ते शेजाऱ्यांच्या वाफ्यांवर नेऊन पसरलं. त्यांचा पालक यंदा फार छान आलाय.

त्यात माती चुनखडीची. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत लोह भरपूर आहे, पण अशा मातीत ते मुळांना उचलताच येत नाही. खात्यात पैसे आहेत आणि सही जुळत नाही, तसलं प्रकरण.

गाजरं तेवढी मजेत असतात. थंडी पडली की त्यांच्यात साखर वाढते, चव सुधारते. घरचे म्हणतात, मग गाजरंच लावा की! पण ज्याला रात्री उठून पांघरूण घालावं लागत नाही, त्याला वाढवण्यात माळ्याचं कर्तृत्व ते काय?

यंदा कलिंगडाचं बी आणलंय. त्याला ऐंशी-नव्वद दिवस सलग ऊब लागते, असं पाकिटावर छापलंय. ते पाकीट अजून घरात कुणाच्या हाती लागू दिलेलं नाही.