कडक कॅप्टन आणि जहाजाची पिछाडी

आमच्या शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड तिसऱ्यांदा येऊन पडला. मजकूर असा: जुन्या काळी जहाजाचा कॅप्टन मागच्या भागात उभा राहायचा, त्या भागाला 'स्टर्न' म्हणत, कॅप्टन भयंकर कडक, म्हणून कडक माणसालाही इंग्रजीत 'स्टर्न' म्हणू लागले; छातीच्या हाडाचं 'स्टर्नम' हे नावही कणखर छातीवरूनच. खाली नांगराचं चित्र आणि 'शिक्षकांनी जरूर पुढे पाठवा'. शिक्षकांनी पाठवलंही, म्हणून हा खटाटोप.

पहिला दावा, शब्द एकच आहे. नाही, दोन आहेत. आपण रोज बसमध्ये बसतो आणि कंडक्टर म्हणतो, 'बस, आता जागा नाही.' यातली गाडीची बस लॅटिन 'ऑम्निबस'ची शेपटी, म्हणजे 'सर्वांसाठी'. बसणं संस्कृतातल्या 'उपविश्'वरून आलं, आणि 'पुरे' अर्थाचं बस फारसी. बसायला मिळतं म्हणून बस, असं कुणी सांगितलं तर आपण हसू. इंग्रजीतलं असंच काही मात्र आपण हात जोडून पुढे ढकलतो.

कडक या अर्थाचा स्टर्न अस्सल जुना इंग्रजी. 'स्ट्युर्ने' अशा रूपात तो इ.स. ११०० च्या आधीच वापरात होता. त्याचं मूळ बहुधा 'ताठ' या अर्थाचं. रोखून बघण्याचा 'स्टेअर' त्याच घरातला मानतात. जहाजाचा स्टर्न इंग्रजीत दिसतो तो १३ व्या शतकाच्या सुरुवातीला, आणि तो बहुधा व्हायकिंगांच्या, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या दर्यावर्दींच्या, भाषेतल्या 'स्त्योर्न'वरून आला. अर्थ: सुकाणू धरणं, हाकणं. म्हणजे फॉरवर्डचं म्हणणं असं, की नातवावरून आजोबांचं नाव ठेवलं.

दुसरा दावा, कॅप्टन मागे उभा राहायचा. हे खरं आहे, मान्य. शिडाच्या लढाऊ जहाजांवर अधिकाऱ्यांचा डेक मागेच असे. १८०५ मध्ये ट्रफाल्गरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनला गोळी लागली तीही तिथेच. पण तोवर कडक अर्थाचा स्टर्न निदान सातशे वर्षं म्हातारा झाला होता.

आणि त्या भागाला नाव मिळालं ते कॅप्टनवरून नव्हे, सुकाणूवरून. नॉर्वेत १८८० मध्ये उकरून काढलेलं गोकस्टाडचं व्हायकिंग जहाज बघा. सुकाणू म्हणजे एक भलंमोठं वल्हं, तेही अगदी मागच्या टोकाला नाही, तर मागे उजव्या कुशीला बांधलेलं. ती हाकण्याची बाजू, म्हणून उजवी बाजू 'स्टारबोर्ड'; त्यात तारेबिरे काही नाहीत. डाव्या बाजूला 'लारबोर्ड' म्हणत. वाऱ्यात ओरडलं की दोन्ही सारखंच ऐकू येई, म्हणून ब्रिटिश नौदलाने १८४४ मध्ये हुकूम काढून तिथे 'पोर्ट' आणला. मागच्या टोकाला मधोमध बिजागरीवर बसवलेलं सुकाणू उत्तर युरोपात १२ व्या शतकात दिसू लागलं.

आपल्याकडेही हर्णैला छोट्या होडीत मागच्या टोकाला बसून, सुकाणूचा दांडा काखेत धरून बिडी ओढणारा तांडेल दिसेल. तो तिथे बसतो कारण दांडा तिथे आहे. कडक असेल, नसेल.

मला यातली खरी गंमत फॉरवर्डमध्ये नसलेली वाटते. त्याच 'स्त्योर्न'ला आजच्या आइसलँडिक भाषेत अर्थ आहे कारभार, आणि 'रीकिसस्त्योर्न' म्हणजे सरकार. आपणही सत्तेचं सुकाणू म्हणतो, सुकाणू समित्या नेमतो. आणि हा सुकाणू शब्द आपल्याला मिळाला अरबी 'सुक्कान'पासून.

तिसरा दावा, छातीच्या हाडाला 'स्टर्नम' म्हणतात तेही कणखर छातीवरून. हा ग्रीक 'स्टेर्नोन', अर्थ सरळ 'छाती'. पुढे चला.

जहाजाच्या स्टर्नचा अर्थ पुढे पसरला, हे मात्र खरं. इंग्लंडमध्ये २००५ साली बंदी येईपर्यंत कोल्ह्याच्या शिकारीला नेत असत त्या फॉक्सहाउंड कुत्र्याच्या शेपटीला आजही स्टर्न म्हणतात. ग्रुपवर मी एवढंच लिहिलं. उत्तरादाखल एक अंगठा आला आणि पाठोपाठ तोच फॉरवर्ड चौथ्यांदा.