काजूच्या खाजेचा पंचनामा

कोकणात कुत्र्याला खाज सुटली की कारण शोधण्याचे काम मालकाकडे उरत नाही. ते वाडी आपल्या ताब्यात घेते. आमचा काजू मध्यरात्री पडवीतल्या बाकाला पाठ घासू लागला आणि त्याचा ठकठकाट गडग्यापलीकडे पोहोचला, तेव्हापासून सकाळच्या चहाला आमच्याकडे रोज कोणीतरी निदान घेऊन येऊ लागले. या निदानांचे वैशिष्ट्य असे, की प्रत्येकाचा ज्या वस्तूवर आधीपासून राग होता, तीच काजूच्या खाजेचे कारण ठरत असे. आजीचा राग बांगड्यावर. "कुत्र्याक बांगडो घालू नको म्हणून कितीदा सांगलंय," असे म्हणून तिने माशाच्या उष्णतेवर एक प्रवचन दिले. मुंबईहून आलेल्या चुलतभावाने तांबड्या मातीला दोषी धरले, कारण त्याचे पांढरे बूट तिने नुकतेच खराब केले होते. शेजारच्या काकांनी गडग्यावरच्या खाजकुयलीकडे बोट दाखवले. तो गडगा त्यांच्या सख्ख्या भावाच्या हद्दीत येतो आणि खाजकुयलीच्या शेंगा पाऊस सरल्यावर वाळतात, तर महिना आषाढाचा होता, हे त्यांच्या लक्षात आणून देण्याची हिंमत कोणी केली नाही.

उपायही निदानाबरोबरच येत. कडुलिंबाच्या पाल्याने आंघोळ झाली, करंजेल चोळून झाले, खोबरेल तर काजूने चाटूनच संपवले. एका गृहस्थाने पाण्यात फिनेल टाकून अंघोळ घालण्याचा सल्ला दिला. तो मात्र मी ऐकला नाही, कारण कुत्रा अंग चाटतो आणि फिनेल त्याला विषासारखे बाधते. केस फिसकारून मी स्वतः पिसवा शोधल्या, पण एकही दिसली नाही, आणि त्यामुळे पिसवांचे नाव संशयितांच्या यादीतून सर्वानुमते वगळण्यात आले.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आमच्या आधी एक लंगडणारी शेळी आणि एक दूध न देणारी म्हैस होती, त्यामुळे डॉक्टरांचा वेळ मोलाचा होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो इतक्या दिवसांत कोणालाच सुचला नव्हता: "खाजवतो कुठे?" पंजे, कान आणि पोट खाजत असेल तर धुळीतल्या किडींची किंवा तत्सम ॲलर्जी संभवते, शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर खाजत असेल तर आधी पिसवा पाहाव्यात, असे ते म्हणाले. काजूची कमर दातांनी कुरतडून लालभडक झालेली होती. खरजेची शंका फेडण्यासाठी डॉक्टरांनी त्याच्या कानाची कड बोटांत धरून चोळली. खरूज असती तर बहुधा मागचा पाय आपोआप खाजवू लागला असता. काजूने नुसती जांभई दिली. त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यातही किडे निघाले नाहीत.

मग त्यांनी बारीक दातांची फणी कमरेवरून फिरवली आणि ती ओल्या पांढऱ्या कागदावर झटकली. मिरपुडीइतके काळे कण पडले. मी ती माती समजून फुंकर घालणार, तोच प्रत्येक कणाभोवती तांबूस-तपकिरी डाग पसरू लागला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे काजूचेच पचलेले रक्त. पिसू दिसली नाही, कारण खाजवता खाजवता कुत्रा ती चाटून गिळतो. आणि ज्याला पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असते, त्याला एखाददुसरा चावाही बरेच दिवस नाचवायला पुरतो. अन्नाची ॲलर्जी तपासायची तर निदान 8 आठवडे एकच ठरावीक अन्न द्यावे लागते, आणि जिथे आजी, काका व येणारा-जाणारा प्रत्येक जण काजूला काहीतरी भरवतो तिथे ती तपासणी कशी होणार, हे डॉक्टरांनी आमच्याकडे एकदा पाहून ओळखले आणि तूर्त पुढे ढकलले.

परंतु खरी मौज पुढे होती. कुत्र्यावर सर्वाधिक आढळणारी पिसू ही मांजराची पिसू असते, असे डॉक्टरांनी सांगितले आणि घरात मांजर आहे का म्हणून विचारले. आजीने ठामपणे नाही म्हटले. एक मांजर येते खरे, पण ते वाटेवरचे. त्याच्याशी आमचा संबंध नाही. दिवसभर काजू त्या मांजरावर भुंकून आकाश डोक्यावर घेतो, हेही खरे. पण पावसाळी रात्री पडवीतल्या गोणपाटावर दोघे पाठीला पाठ लावून झोपतात, हे मला सांगावेच लागले. अंगावर दिसतात त्या पिसवा एकूण संख्येच्या सुमारे 5 टक्केच, बाकी अंडी, अळ्या आणि कोष असल्याच गोणपाटात दडलेले असतात. आमच्या दमट हवेत त्यांची चंगळ होते, आणि कोषावर औषधाची मात्रा फारशी चालत नाही. म्हणून गोणपाट जाळायचे, पडवी रोज झाडायची, उपचार काही महिने नेटाने चालवायचे आणि मांजरालाही औषध लावायचे, तेही त्याचे वेगळे. कुत्र्याच्या काही औषधांत मांजराला घातक ठरणारे द्रव्य असते.

त्या मांजराला टोपलीखाली धरून दवाखान्यात नेताना माझ्या दोन्ही हातांचे जे झाले, ते सांगण्यासारखे नाही. डॉक्टरांनी वजन केले, नवा केसपेपर काढला आणि मालकाच्या रकान्यात आमचे आडनाव लिहून मांजराचे नाव विचारले. मी खांदे उडवले. एवढ्यात मागून आजी म्हणाली, "यमुनाबाय लिवा. आणि पॉट बिघडलाला आसा तिचा, ताय बघा."