खिळा न ठोकता

भाडेकरार आम्ही दोघांनी नीट वाचला होता, असं आम्ही आजही एकमेकांना सांगतो. खरं म्हणजे नवऱ्याने भाड्याचा आकडा वाचला आणि मी घर कधी ताब्यात मिळणार ती तारीख. सातव्या कलमाकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. ‘भिंतींना खिळे, स्क्रू वा तत्सम काहीही ठोकू नये.’ किल्ल्या देताना मालक काकांनी ते तोंडपाठ म्हणून दाखवलं आणि जातिवंत घोड्याच्या पाठीवरून फिरवावा तसा भिंतीवरून हात फिरवला. “परवाच रंग लावून घेतलाय,” ते म्हणाले. याला तीन वर्षं झाली. अधूनमधून फोन करून ते भिंतींची खुशाली विचारतात, तेव्हाही रंग परवाच लावलेला असतो.

घर दोन खोल्यांचं. त्यात आम्ही दोघं, दोघांची लग्नाआधीची पुस्तकं (त्यातली निम्मी दोघांकडेही तीच निघाली, पण आपली प्रत द्यायला कुणी तयार नाही) आणि एक व्यायामाची सायकल, जिच्यावर आजवर फक्त टॉवेल बसलेत. लहान घर कमी पैशांत कसं लावावं हे कुणालाही विचारा, उत्तर एकच येतं: जमीन संपली की भिंतीवर चढा. भिंतीवर फळ्या लावा, टोपल्या टांगा, सायकलसुद्धा टांगा. सल्ला सोन्यासारखा आहे. फक्त त्यातल्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक खिळा आहे. तो काढून घेतला की भिंत ही निव्वळ पाठ टेकायची जागा उरते.

म्हणून आम्ही चिकट हुकांकडे वळलो. ही वस्तू ज्याने शोधली तो भाडेकरू असणार याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना होत्या. भिंत आधी स्पिरिटने पुसा. हुक तीस सेकंद दाबून धरा. तासभर त्यावर काहीही टांगू नका. भिंत गुळगुळीत हवी, रंग भुरभुरता नको. मी हे सगळं अगदी नीट वाचलं, मात्र घड्याळ टांगून झाल्यावर. वाचताना वर पाहिलं, घड्याळ शांतपणे चाललं होतं. सूचना लिहिणारे लोक उगाच घाबरट असतात असं मी नवऱ्याला म्हणाले.

रात्री अडीचला ते पडलं. वेळ नेमकी माहीत आहे, कारण घड्याळ तिथेच थांबलं. दिवा लावून पाहिलं तर चिकटपणात कुठेही खोट नव्हती. घड्याळाने हुक सोडला नव्हता, हुकाने रंग सोडला नव्हता, रंगाने तेवढी भिंत सोडली होती. तळहाताएवढा पापुद्रा हुकाला चिकटून आला होता आणि त्या जागी खालचा हिरवा रंग दिसत होता. हिरव्याच्या एका कडेला गुलाबी. म्हणजे या परवाच्या आधीही बरेच परवा होऊन गेले होते.

(हुक सोलायची रीत मला नंतर कळली. हुक आपल्याकडे ओढायचा नाही. पट्टीचं शेपूट भिंतीला समांतर, खालच्या दिशेने, सावकाश ताणत न्यायचं. शेपूट तुटलं असेल तर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा द्यायची, की गोंद नरमतो. घड्याळाला हे ठाऊक नव्हतं.)

भाडेकरूंच्या जगात टूथपेस्ट हे भिंतीचं औषध मानलं जातं. खिळ्याच्या टिचभर भोकासाठी ते ठीकही असेल, पण नवऱ्याने अख्खी ट्यूब त्या पापुद्र्याच्या जागेवर लावली, जुन्या ओळखपत्राने सपाट केली आणि चार पावलं मागे जाऊन बघत राहिला. आठवडाभर घराला पुदिन्याचा वास येत होता. डाग आता बाकीच्या भिंतीपेक्षा पांढराशुभ्र दिसतो, आणि म्हणूनच लांबून दिसतो.

तो झाकायला आम्ही उभा आरसा घेतला, जमिनीवर ठेवून भिंतीला टेकवायचा. यामागेही शास्त्र आहे. खिडकीसमोर आरसा ठेवला की उजेड परत फिरतो आणि खोली मोठी भासते. फक्त डाग खिडकीसमोर नव्हता, सायकलीसमोर होता. खोली दुप्पट मोठी झाली हे खरं, पण पसाराही दुप्पट झाला. दोन सायकली, त्यावर आठ टॉवेल. त्यात नवऱ्याने जुना ६० वॅटचा दिवा काढून ९ वॅटचा एलईडी लावला. उजेड तेवढाच आणि विजेचं बिल कमी, हा हिशेब चोख होता. पण पाकिटावर ६५०० केल्व्हिन लिहिलंय याचा अर्थ घरी आल्यावर कळला. त्या निळसर पांढऱ्या उजेडात आम्ही दोघं आरशात शस्त्रक्रियेची वाट बघत असल्यासारखे दिसायचो. घरासाठी २७०० ते ३००० घ्यावा. तो पिवळट असतो आणि माणसाला माफ करतो.

मग आला स्प्रिंगचा दांडा. याला खिळा लागत नाही. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये तो ताणून बसवायचा, तो दोन्हीकडे रेटा देतो आणि त्या रेट्यावर टिकतो. कोरडा पडदा तो आनंदाने धरतो. आम्ही त्यावर ओल्या चादरी टाकल्या. तोही रात्री अडीचलाच पडला, आणि तेव्हापासून आमच्या घरातल्या वस्तूंनी ही वेळ आपसात ठरवून घेतलीय असं माझं मत आहे. पण हाच दांडा, आखूड मापाचा, सिंकखालच्या कपाटात आडवा लावला आणि फवाऱ्याच्या बाटल्या त्यांच्या चापाने त्यावर ओळीने अडकवल्या, तेव्हा मात्र जादू झाली. खालची सगळी जागा मोकळी! काही महिने घरी येणाऱ्या प्रत्येकाला मी बसायला सांगायच्या आधी सिंकखालचं दार उघडून दाखवायचे.

नवऱ्याला त्याच सुमारास इतिहासाचा नाद लागला. मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की नावाच्या वास्तुरचनाकार बाईंनी १९२६ साली फ्रँकफर्टमधल्या स्वस्त घरांसाठी एक स्वयंपाकघर आखलं होतं. जेमतेम १.९ मीटर बाय ३.४ मीटर. त्यात भिंतीला दुमडणारी इस्त्रीची फळी, पिठामिठासाठी नावं घातलेले खण आणि बाईला एकही पाऊल वाया घालवावं लागू नये अशी मांडणी. अशी हजारो स्वयंपाकघरं तिथे बसवली गेली. इथवर मी कौतुकाने ऐकत होते. मग त्याने पुढचं वाचलं. हे आखलं तेव्हा आपण कधी स्वयंपाकच केला नव्हता, असं त्या बाईंनीच नंतर सांगून टाकलं होतं.

“बघ,” नवरा म्हणाला, “मीसुद्धा केलेला नाही.”

एवढ्या पात्रतेवर रविवारी सकाळी तो फोनवरचं स्टॉपवॉच लावून आमच्या स्वयंपाकघरात उभा राहिला. मी चालायचं, त्याने मोजायचं. सिंकपासून ओट्यापर्यंत एक पाऊल. ओट्यापासून फ्रिजपर्यंत एक पाऊल. फ्रिजपासून सिंकपर्यंत परत यायला सात सेकंद लागले, कारण मधे तो उभा होता.

“इथे अडचण आहे,” त्याने वहीत लिहिलं.

“दिसतेय मला,” मी म्हटलं.

पुढच्या रविवारी ल कॉर्ब्युझिए आला. एवढा नावाजलेला वास्तुरचनाकार, पण फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावर स्वतःसाठी त्याने १९५२ साली ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटरची एक लाकडी खोली बांधली. त्यात पलंग, टेबल, कपाट, सगळं. ते कसं मावलं याचं रहस्य असं, की तिथे स्वयंपाकघरच नव्हतं. खोली एका खाणावळीला लागून होती आणि तिथे जायला भिंतीत दार होतं. याला मी नियोजन म्हणत नाही, याला शेजार म्हणतात. उरला तो अमेरिकेतला मर्फी. एका खोलीत राहायचा, म्हणून त्याने पलंग उभा करून कपाटात दडवायची युक्ती काढली. नवरा चित्र बघून हरखला होता. मी फक्त त्या पलंगाच्या मुळाशी बोट ठेवलं. तिथे भिंतीत शिरलेले मजबूत बोल्ट होते. सातवं कलम.

पलंग उभा करता येत नाही, तर निदान उंच करावा असं ठरलं. पायांखाली लाकडी ठोकळे घातले. वीतभर उंची वाढली आणि पलंगाखाली एक अख्खी खोली सापडल्याचा आनंद झाला. तिथे ठेवायला डबे आणले. डब्यांना चिठ्ठ्या लावल्या: ‘महत्त्वाचं’, ‘इतर’, ‘इतर २’. चुकीच्या मापाचे निघालेले डबे ठेवायला आणखी एक मोठा डबा आणावा लागला. कमी खर्चात घर लावायच्या नादात आमचा सगळ्यात जास्त पैसा खर्च झाला तो वस्तू ठेवायच्या वस्तूंवर. ‘महत्त्वाचं’मध्ये काय आहे ते आता दोघांनाही आठवत नाही. उघडून बघायचं तर पलंगाखाली पोटावर सरपटत जावं लागतं, आणि इतकं महत्त्वाचं आयुष्यात काही आलेलं नाही.

रजया मात्र हवा काढायच्या पिशव्यांत भरल्या होत्या. नळी लावली की रजई चपटी होत होत पाटीसारखी होते. बघायला मोठी मौज. यात हवा जाते, वजन जात नाही, हे उचलताना कळतं. आणि पिशवीला टाचणीएवढं जरी भोक असेल तरी गेलेली हवा परतीच्या वाटेला लागते. त्या रात्री पलंगाखालून एक लांबलचक उसासा ऐकू आला. मग दुसरा. नवरा उठून बसला. “तू काही म्हणालीस?” वेळ मी पाहिली नाही. गरजही नव्हती.

झाडांचं प्रकरण थोडक्यात उरकते, कारण ते माझ्या अंगावर उलटलं. घरातली झाडं हवा शुद्ध करतात हे मी ठासून सांगत होते. १९८९ चा नासाचा अभ्यास आहे म्हणून सांगत होते. बिनखर्चात हिरवळ हवी तर मनी प्लँटची एक फांदी कुणाकडून मागून आणायची आणि पेराचा भाग बुडेल अशी पाण्याच्या बाटलीत ठेवायची. मी तशा सात बाटल्या केल्या. नवऱ्याने त्या अभ्यासाचं पुढचं टोक शोधून काढलं. ते प्रयोग बंद पेटीतले होते. खऱ्या घरात वाऱ्याच्या साध्या येण्याजाण्याची बरोबरी करायची, तर दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडं लागतील, असं २०१९ साली जुने सगळे प्रयोग एकत्र तपासणाऱ्यांनी म्हटलंय. आमची झोपायची खोली दहा चौरस मीटरची. म्हणजे कमीत कमी शंभर कुंड्या, आणि आम्ही जिन्यात. त्याने पुढे काही वाद घातला नाही. उठला आणि खिडकी उघडली. मला त्या उघडण्याचा आवाज आवडला नाही.

या सगळ्यातून तगलं ते फार थोडं. सिंकखालचा दांडा. दाराच्या वरच्या कडेला अडकवायचे पत्र्याचे हुक, तेही पातळ पत्र्याचे, नाहीतर दार लागत नाही. एका दारावर आम्ही जाड हुक लावले होते, ते न्हाणीघराचं होतं, त्यावर अधिक लिहीत नाही. आणि गळक्या नळाचा बदललेला वायसर. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीसेक लिटर पाणी, हे मी मोजपात्र लावून पाहिलंय. ते काम घरच्या घरी पाच मिनिटांत होतं, फक्त पाण्याची मुख्य तोटी आधी बंद करायची असते. आधी.

डाग राहिलाच होता. आरसा सारखा घसरायचा आणि वरून पांढरी कडा डोकवायची. शेवटी नवरा म्हणाला, कपाटच सरकवू तिथे. कपाटाच्या पायांखाली जुने पायमोजे घातले, त्याने लादीला ओरखडे पडत नाहीत, आणि दोघांनी मिळून त्याला इंच-इंच डागापुढे आणलं. डाग पूर्ण झाकला गेला. मी घाम पुसत मागे वळले.

कपाटाच्या जुन्या जागी, बरोबर डोळ्यांच्या उंचीवर, भिंतीत खिळा होता.

चांगला बोटभर लांब, जाड डोक्याचा, टोकाला किंचित वर वाकवलेला. नवऱ्याने धरून हलवला, हलला नाही. मग स्वतः अर्धाअधिक लोंबकळून पाहिलं, तरी हलला नाही. तीन वर्षं आम्ही चिकट पट्ट्या आणि स्प्रिंगांवर संसार टांगत होतो आणि हा इथे कपाटामागे रिकामा बसून होता. डोक्यावर त्याच्या भिंतीचाच रंग होता. परवाचा.

आमच्यात लगेच दोन पक्ष पडले. काढला तर भोक पडेल, ठेवला तर दिसेल, असं नवऱ्याचं म्हणणं. कलम ठोकण्याबद्दल आहे, असण्याबद्दल नाही, असं माझं. कपाट परत सरकवावं तर डाग उघडा. वाद चालू असतानाच बेल वाजली. “इकडूनच चाललो होतो, म्हटलं बघून जावं,” असं म्हणत मालक काका आत आलेसुद्धा. आम्ही दोघं चटकन त्या भिंतीपाशी जाऊन उभे राहिलो, खांद्याला खांदा लावून. पण कलती सायकल सावरायला नवरा अर्धं पाऊल बाजूला झाला.

काका बोलत बोलतच आले. नळ ठीक आहे ना, वर कुठे ओल नाही ना. चपला काढल्या, छत्री कोपऱ्यात टेकवली, आणि भिंतीकडे न बघता हात आमच्या दोघांच्या मधून पुढे घालून हातातली कापडी पिशवी खिळ्याला अडकवली. मग खुर्चीत बसले आणि म्हणाले, “बाकी भिंती काय म्हणतायत?”