बिशपने जमिनीवर बसावं, पण आजींना जागा द्यावी

दुपारपासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितोय. लांबलचक होणार आहे.

आज एका ठिकाणी शिबिर होतं. विषय होता पहिल्या मंडळीसारखं, म्हणजे अगदी सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांसारखं जगणं. हॉल गच्च भरलेला. पुढच्या दोन रांगांतल्या खुर्च्यांना पाहुण्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. सत्तरी उलटलेल्या एक आजी काठी टेकत आल्या, रिकामी खुर्ची दिसली म्हणून बसल्या. एका स्वयंसेवकाने त्यांना उठवलं. उद्धटपणे नव्हे, "आजी, ही पाहुण्यांची आहे हो" असं गोड बोलून. मागे जागा नव्हती. आजी दाराबाहेर पायरीवर जाऊन बसल्या. आत तेव्हा बायबलमधला प्रेषितांची कृत्ये, अध्याय 2 चालू होता, विश्वासणारे सगळं वाटून घेत तो. चिठ्ठ्यांच्या खुर्च्यांपैकी तीन शेवटपर्यंत रिकाम्याच राहिल्या.

तिसऱ्या शतकात सीरियामध्ये मंडळी चालवणाऱ्यांसाठी लिहिलेला एक ग्रंथ आहे, 'दिदास्कालिया'. त्यात कोणी कुठे बसायचं याचा सविस्तर नियम आहे. पूर्वेच्या अंगाला बिशप आणि वडील (मंडळीचे ज्येष्ठ पुढारी), मग बाकीचे पुरुष, त्यांच्यामागे स्त्रिया. तरुणांना जागा उरली तर बसावं, नाहीतर उभं राहावं. एक डीकन, म्हणजे मंडळीचा सेवक, दाराशी, येणाऱ्यावर लक्ष ठेवायला. आणि पुढे दोन प्रसंग दिलेत. मोठा मानाचा माणूस उशिरा आला, तर बिशपने बोलणं थांबवून त्याच्या स्वागताला उठायचं नाही, त्याची सोय इतर कोणी बघेल. पण गरीब माणूस आला, त्यातही म्हातारा, आणि जागा नसेल, तर बिशपने मनापासून त्याची सोय करायची, मग त्यापायी स्वतः जमिनीवर बसावं लागलं तरी चालेल.

म्हणजे आज दुपारी जे झालं, नेमका तोच प्रसंग अठराशे वर्षांपूर्वी कोणीतरी विचार करून लिहून ठेवलाय. आणि आपण ते उलटं केलं.

पहिली मंडळी म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे काय येतं? घरात जमायचं, सतरंजीवर बसायचं, वाद्यं नकोत, इमारत नको. बाहेरचं सगळं. अहो, घरात जमत होते ते जागा नव्हती म्हणून! युफ्रेटिसच्या काठावर दुरा-युरोपोस इथे तिसऱ्या शतकातलं मंडळीचं घर उत्खननात सापडलंय. तिथे त्यांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली, साधारण 65 ते 75 माणसं मावतील अशी, आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचा हौद बांधला. माणसं मावेनात तेव्हा त्यांनी भिंत पाडली.

आता जेवणाचं. प्रीतिभोजन, म्हणजे मंडळीने एकत्र जेवणं, हा शब्द आपण पत्रिकेवर फार हौसेने छापतो. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत ते का बिघडलं होतं ते बघा. रविवारची सुट्टी तेव्हा नव्हती, ती कॉन्स्टंटाइनने 321 साली दिली. त्याआधी रविवार कामाचाच दिवस. दासांना मालकाचं काम आटोपल्यावरच निघता येई. ज्यांना फुरसत होती ते लवकर येत, आपलं आणलेलं खाऊन घेत. रोमन घराच्या जेवणाच्या खोलीत नऊ-दहा माणसांपुरतीच ऐसपैस सोय असे, बाकीच्यांनी बाहेरच्या चौकात थांबायचं. कष्टकरी येईपर्यंत एक जण उपाशी तर दुसरा झिंगलेला. प्रेषित पौलाने यावर सांगितलेला उपाय एका ओळीचा आहे: एकमेकांसाठी थांबा. करिंथकरांस पहिलं पत्र, 11:33. बस्स. आपल्या पंगतीतही हेच करायचं असतं. सगळ्यात लांबून, सगळ्यात उशिरा सुटणाऱ्या कामावरून येणाऱ्याची वेळ विचारा आणि ती पंगतीची वेळ ठरवा. आपण पाहुण्यांच्या गाडीची वेळ विचारतो.

तर्तुल्लियन या ख्रिस्ती लेखकाने 197 च्या सुमारास कार्थेजमधल्या भोजनाचा क्रम दिलाय. आधी प्रार्थना, मग भूक भागेल एवढंच जेवण, रात्री उठून प्रार्थना करायची आहे याचं भान ठेवून. मग हात धुणं, दिवे लावणं, मग ज्याला येईल त्याने शास्त्रातलं किंवा स्वतःचं गीत म्हणायचं, शेवटी पुन्हा प्रार्थना. भाषण नाही, सत्कार नाही, शाल-श्रीफळ नाही.

दानपेटीचंही त्यानेच लिहिलंय. महिन्यातून एकदा, इच्छा असेल आणि ऐपत असेल तर. सक्ती कोणावर नाही. पैसा कुठे जायचा? गरिबांना जेवण आणि त्यांची मूठमाती, आईबाप आणि मालमत्ता नसलेली मुलंमुली, घरात अडकून पडलेले म्हातारे दास, जहाज फुटलेले, आणि विश्वासापायी खाणीत, बेटांवर, तुरुंगात पाठवलेले. त्यापूर्वी रोममध्ये जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने, 155 च्या आसपास, असंच लिहिलंय: अनाथ, विधवा, आजारी, कैदी, परगावचे. दोन्ही याद्यांत इमारत, साउंड सिस्टिम किंवा फलक कुठे येत नाही. 251 साली रोमचा बिशप कॉर्नेलियस एका पत्रात हिशेब देतो: 46 वडील, 7 डीकन, आणि मंडळीच्या आधारावर जगणाऱ्या विधवा नि गरजू माणसं 1500 पेक्षा जास्त. त्या बिशपला हा आकडा ठाऊक होता. आपल्यापैकी किती पाळकांना आपल्या मंडळीतल्या विधवांचा आकडा विचारल्यावर न थांबता सांगता येईल?

हो, मान्य आहे, हॉल भाड्याचा असतो, वीजबिल येतं, पाहुण्यांची सोय बघावी लागते.

पण आजी पायरीवर बसल्या होत्या.

उपासाबद्दल लिहितो, कारण शिबिरात त्यावर तासभर बोलणं झालं आणि मुख्य मुद्दा राहूनच गेला. 'दिदाखे' ही सुरुवातीच्या मंडळीच्या नियमांची, सोळा लहान प्रकरणांची पुस्तिका, फिलोथेओस ब्रिएन्निओस यांना 1873 साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये एका जुन्या हस्तलिखितात सापडली, 1883 साली छापली गेली. त्यात उपासाचे वार दिलेत, बुधवार आणि शुक्रवार. ते सगळ्यांना पाठ असतं. पण त्या उपासाचं करायचं काय, ते दुसऱ्या शतकातल्या 'हर्मासचा मेंढपाळ' या ख्रिस्ती पुस्तकात आहे: त्या दिवशी फक्त भाकर आणि पाणी घ्या, एरवी जे जेवला असता त्याची किंमत काढा, आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्या. अथेन्सच्या अरिस्तीदेस या ख्रिस्ती लेखकानेही नोंदवलंय की ख्रिस्ती लोकांकडे गरिबाला द्यायला जास्तीचं काही नसलं, तर ते दोन-तीन दिवस उपास करून त्याला पुरवतात.

हिशेब सोपा आहे. चौघांच्या घरात एका वेळच्या जेवणाचे दोनशे रुपये धरा. आठवड्यात दोन उपास, चारशे. महिन्याचे सतराशेच्या आसपास. एका म्हातारीचं महिन्याचं तांदूळ, पीठ, तेल, डाळ यात बसतं. वाचलेले पैसे घरातच राहिले तर उपासाचं निम्मं काम झालंच नाही. आणखी एक चूक नेहमी होते. महिनाअखेरीस देऊ म्हणून रक्कम पाकिटात ठेवतात आणि ती खर्च होते. त्याच दिवशी वेगळ्या डब्यात टाका, आणि डबा स्वतःच्या घरात ठेवू नका, शेजारच्या विश्वासणाऱ्याकडे द्या.

आता जरा रागाने लिहितोय, माफ करा. बाहेरून येणाऱ्या वक्त्यांबद्दल दिदाखे काय म्हणते ते शिबिरात कोणी वाचूनच दाखवलं नाही. फिरता प्रेषित आला तर त्याला प्रभूसारखं स्वीकारा. पण तो एकच दिवस राहील, गरज पडली तर दुसरा. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापर्यंत पुरेल एवढी भाकर घेईल, बाकी काही नाही. पैसे मागितले तर खोटा. आत्म्याच्या प्रेरणेत मेज मांडायला सांगून स्वतःच त्यावर जेवला तर खोटा. दुसऱ्या गरजूसाठी मागत असेल तर मात्र त्याला दोष लावू नका. इतकं साफ लिहिलंय! आणि साधा विश्वासू वाटसरू आला तर दोन-तीन दिवस ठेवा. राहायचंच असेल तर हातात कसब असलं तर काम करून खाऊ दे, नसलं तर तुम्ही अक्कलहुशारीने सोय लावा, पण रिकामटेकडा राहता कामा नये. तेही नको असेल, तर तो ख्रिस्ताच्या नावावर धंदा करणारा. माया होती, पण डोळे उघडे होते.

कोणी म्हणेल, तेव्हाही सगळं गोड नव्हतं. नव्हतंच. जमीन विकून आलेल्या पैशांबद्दल मंडळीशी खोटं बोललेलं जोडपं, हनन्या आणि सप्पीरा, तिथलेच. यरुशलेमच्या मंडळीवर पुढे हलाखी आली आणि पौलाला मासेदोनिया आणि अखया इथून वर्गणी गोळा करावी लागली. बरं, मग?

कारण बिघडल्यावर त्यांनी काय केलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. कृत्ये, अध्याय 6. ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावललं जात होतं. कुरकुर झाली. प्रेषितांनी समिती नेमून चौकशी केली नाही, 'प्रार्थनेत ठेवा' म्हणाले नाहीत. सात जण निवडायला सांगितले. त्या सातांची नावं वाचा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सातही नावं ग्रीक. म्हणजे ज्यांच्यातल्या विधवा उपाशी राहिल्या होत्या, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती वाढप दिलं. डावललेल्याच्या हाती पळी दिली.

आपल्याकडेही ही तळमळ नवी नाही. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 साली मिशन सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्ताच्या अनुयायांचा बंधुसंघ मांडला तो याच ओढीने. दोनच वर्षांत ते गेले. पण पहिल्या मंडळीसारखं जगायचं कसं, हा प्रश्न अजून तसाच आहे.

आता शांत झालोय थोडा. त्या स्वयंसेवकावर राग नाही माझा. पोराने सांगितलेलं काम केलं. त्याला कोणीतरी चिठ्ठ्या दिल्या होत्या, आजींचं काय करायचं ते कोणी सांगितलं नव्हतं.

तर पुढच्या रविवारपासून एवढं करू या. दाराशी एक माणूस, स्वागताचं स्मितहास्य करायला नव्हे, कोण उभं आहे ते बघायला. चिठ्ठ्या बंद. बसायची व्यवस्था अशा बाईकडे द्या जिला स्वतःला कधीतरी मागे जावं लागलंय. आणि प्रभुभोजनाच्या आधी, ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्याने उठून मिटवून यावं, दिदाखे 14 मध्ये आहे ते. पाच मिनिटं शांत बसा, लोक उठतात.

शिबिर संपल्यावर बाहेर आलो तर पायरी रिकामी. आजी जेवायला थांबल्या नव्हत्या. पंगतीत कोणी चौकशीही केली नाही.

जस्टिनने लिहिलंय की जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन भाकर घेऊन जात. आजींची वस्ती मी विचारून घेतलीय. बुधवारी संध्याकाळी साडेसहाला निघतोय, उपासाचा डबा घेऊन. दोघं-तिघं हवेत, एक तरी बाई हवी. जमेल त्यांनी खाली लिहा.