आधी तो बल्ब बंद करा

मला रात्री रेडिओवर लांबची स्टेशनं पकडायचा नाद आहे. मोबाईलवर जगातलं कुठलंही स्टेशन एका टिचकीत लागतं, हे मुलगी मला आठवड्यातून दोनदा ऐकवते. पण विकतची कैरी आणि शेजाऱ्याच्या झाडावरची कैरी यात काही फरक आहे की नाही?

रेडिओ जुन्या बाजारातला. सेलचं झाकण गायब, म्हणून तिथे दुहेरी रबरबँड. काटा 600 किलोहर्ट्झच्या पुढे अडखळतो, तिथे खालून हलकेच चापट मारावी लागते. दिवसा मीडियम वेव्हवर 792 चं आपलं पुणे, 558 आणि 1044 ची मुंबई, झालं. वातावरणात साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवरचा डी नावाचा थर दिवसभर या रेडिओलहरी गिळत बसलेला असतो. सूर्य मावळला की तो विरतो, आणि लहरी त्याहून वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटरवर येऊन पडतात. थोडक्यात, रात्री जेवणं झाली की अर्धा भारत आमच्या कोथरूडच्या गॅलरीत उतरायला तयार असतो. त्याला उतरू देत नाही ते आमचं घर.

रेडिओत एलईडी बल्ब भजी तळल्यासारखा चुरचुरतो. मोबाईलचा चार्जर गुणगुणतो. लिफ्ट हलली की सगळ्यावर एक करवत फिरते. पंख्याचा जुना रेग्युलेटर दोनवर असला की भुंगा, पाचवर नेला की गप्प. पंखा बंद केला तर डास. म्हणून आमच्याकडे डिसेंबरातही पंखा पाचवर आणि बाकीचं कुटुंब गोधडीत.

"अहो, निदान स्वयंपाकघरातला दिवा तरी लावू का? दूध उतू जातंय."

"दोन मिनिटं थांब, राजकोट येतंय!"

खरं म्हणजे राजकोट पकडण्यात काही मर्दुमकी नाही. तिथला 1071 चा ट्रान्समीटर 1000 किलोवॅटचा, तो आपणहून दार वाजवतो. कस लागतो तो बारक्या स्टेशनांशी. त्यासाठी रेडिओच फिरवावा लागतो, कारण आतल्या फेराइटच्या कांडीचं, म्हणजे त्याच्या एरियलचं, टोक ज्या दिशेला, तिकडचा आवाज पडतो. बलाढ्य स्टेशनाकडे टोक केलं की त्याच्याखाली दबलेलं दुसरं वर येतं. रेडिओ छातीशी धरून मी गॅलरीत गोल गोल फिरत असताना समोरच्या इमारतीतल्या आजी एकदा हात जोडताना दिसल्या.

नारायणगावजवळ खोडदला आणि आसपास रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या 30 तबकड्या दूरदूरच्या दीर्घिकांचं ऐकत बसल्या आहेत. पण त्या शास्त्रज्ञांनी आधी असल्या खरखरीपासून लांबची जागा शोधली. मी फ्लॅट घेताना पाणी किती वेळ येतं एवढंच विचारलं.

आणि मग एका रात्री दहाला दहा कमी असताना अख्ख्या गल्लीची लाईट गेली.

रेडिओवरची खरखर इस्त्री फिरवावी तशी सपाट झाली. मी अंधारात ठेचकाळत गच्ची गाठली. 700 च्या पुढे एक बाई काहीतरी संथ गात होती. तेलुगू असावं, कदाचित कन्नड. आवाज वर यायचा, विहिरीत पडल्यासारखा खोल जायचा, पुन्हा वर. शेजारी लोक टॉर्च घेऊन वर येऊ लागले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "काय हो, काही कळलं का?" मी म्हटलं, "दहाला कळेल." बिचारे समाधानाने खाली गेले.

दहाला स्टेशन स्वतःचं नाव सांगतं. त्या नावासाठीच तर हा सगळा खटाटोप. गाणं संपलं. निवेदकाने घसा खाकरला, तोही ऐकू आला! मी श्वास रोखला.

"आकाशवाणी..."

"आऽऽली!" चारही मजले एकदम ओरडले. घर्रर्र.

धावत खाली आलो. डीपीपाशी वायरमन अजून होता.

"भाऊ, परत कधी जाणार?"

"काका, काळजी करू नका. आता नाही जात."

"तसं नाही हो. कधी जाईल?"

त्याने टॉर्च माझ्या तोंडावर मारला, मग छातीशी धरलेल्या रेडिओवर. "गुरुवारी काम आहे. दहा ते पाच."

"छे, दिवसा काय उपयोग? दिवसा डी थर असतो."

त्याने काही न बोलता शिडी खांद्यावर घेतली आणि जरा लांबून वळसा घालून गेला.